वाचनालयाचं डोमेन आणि होस्टिंग : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५

कार्यकारिणीच्या बैठकीत संकेतस्थळाचं काम माझ्याकडे आलं. त्यात डोमेन म्हणजे संकेतस्थळाचं नाव, आणि होस्टिंग म्हणजे त्याच्या फाइली ठेवायची सर्व्हरवरची जागा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातलं हे वाचनालय. मी नोकरीला पुण्यात असले तरी सभासद इथलीच. मागणी तीन गोष्टींची आहे: पुस्तकांची यादी घरबसल्या शोधता यावी, जुनी नियतकालिकं स्कॅन करून वाचायला मिळावीत आणि वाचनालयाच्या नावाचा ई-मेल असावा.

पहिल्यांदा जुन्या संकेतस्थळाचं काय झालं ते पाहिलं. लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर आणि दारावरच्या फलकावर जे डॉट कॉम नाव छापलंय, ते उघडलं तर जुगाराच्या जाहिराती येतात. आयकॅन ही जगभरातल्या डोमेन नावांचं नियमन करणारी संस्था. तिच्या लुकअप पानावर शोधलं. नाव आता परदेशातल्या कुणाच्या ताब्यात आहे. कपाटातल्या फायलीत जुनं बिल सापडलं, त्यावर एकच ओळ: ‘वेबसाइट, डोमेन व होस्टिंगसह’. डोमेन कुणाच्या नावावर घेतलं होतं याचा त्यात उल्लेखच नाही. ग्रंथपाल मॅडमनी ज्यांच्याकडून काम करून घेतलं होतं त्यांना फोन लावला. त्यांनी तो धंदा केव्हाच बंद केलाय. नाव त्यांच्या स्वतःच्या खात्यात होतं आणि रिन्यूअलच्या सूचना त्यांच्या बंद पडलेल्या मेलवर जात होत्या.

मुदत संपल्या दिवशीच नाव हातचं जातं असं नाही. डॉट कॉमसारख्या नावांना रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, मग ३० दिवस दंड भरून परत मिळवायची मुदत, शेवटचे ५ दिवस नुसते थांबण्याचे, आणि त्यानंतर नाव कुणालाही खुलं होतं. वाचनालयातल्या एका जरी माणसाला ती सूचना मिळाली असती तर नाव वाचलं असतं.

म्हणून या कामाचा पहिला नियम इथेच लिहून ठेवते: नाव संस्थेच्या नावावर, संस्थेच्या खात्यात, आणि त्या खात्याच्या किल्ल्या एकापेक्षा जास्त पदाधिकाऱ्यांकडे. बाकी सगळं बदललं तरी चालेल.

१२ जुलै २०२५

अध्यक्ष सरांनी विचारलं, “ताई, जुनं नाव कायद्याने परत मिळणार नाही का?” रास्त प्रश्न आहे, त्यामुळे त्यात वेळ घातला.

डॉट कॉमच्या तंट्यांसाठी आयकॅनचं १९९९ पासूनचं यूडीआरपी हे धोरण आहे. जिनिव्हाच्या वायपो या बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करायची तर एका परीक्षकाच्या प्रकरणाची फी १५०० डॉलर. शिवाय तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या ट्रेडमार्कशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. आमचा ट्रेडमार्क नोंदलेला नाही, आणि नाव गावाचं नाव अधिक ‘वाचनालय’ एवढंच आहे. एवढ्या पैशात वाचनालयाची कितीतरी पुस्तकं येतील. निर्णय: जुन्या नावाचा नाद सोडायचा. पावतीपुस्तकं नवीन छापायची, फलकावरची ती ओळ आत्ताच रंगाने झाकून टाकायची. जुन्या नावावर गेलेला सभासद जुगाराच्या पानावर पोचतोय, हे एक दिवसही चालू राहणं बरं नाही.

जुन्या संकेतस्थळावरचा मजकूर मात्र बराचसा मिळाला. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये वाचनालयाच्या इतिहासाचं पान आणि जुन्या कार्यक्रमांचे वृत्तान्त जतन झालेत. फोटो थोडेच आलेत, तेही लहान आकाराचे.

१९ जुलै २०२५

नावाच्या शेपटीचा प्रश्न: डॉट कॉम, डॉट ओआरजी, डॉट इन की डॉट भारत?

डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन ही नावं फक्त अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते, तीही शैक्षणिक संस्थांना. आम्ही सार्वजनिक ग्रंथालय आहोत, त्यात बसत नाही.

डॉट ओआरजी माझ्या मनात होतं. सेवाभावी संस्थेला शोभतं, लोकांच्या ओळखीचंही आहे. ते चालवते अमेरिकेतली पीआयआर ही ना-नफा संस्था. जून २०१९ मध्ये आयकॅनने डॉट ओआरजीच्या दरवाढीवरची मर्यादा काढून टाकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकायचं जाहीर झालं. जगभरातल्या संस्थांनी आवाज उठवला आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. विक्री टळली, दराची मर्यादा मात्र परत आली नाही. आज दर ठीक आहे. पण वर्गणीवर आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने पुढच्या वीस वर्षांचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करू नये.

डॉट इन ही निक्सीची, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाची शेपटी. २००५ पासून सर्वांना खुली आहे. तंटा झाला तर तो भारतातच, निक्सीच्या आयएनडीआरपी धोरणानुसार लवादापुढे चालतो. आमच्यासारख्यांना हे जवळचं.

डॉट भारत देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ रोजी आलं. त्यात हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळीसह आठ भाषांची सोय झाली. वाचनालयाचं नाव मराठीत, पत्ताही मराठीत, हे मला मनापासून हवं होतं. अडचण वापराची आहे. आतमध्ये हे नाव ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या रूपात साठवलं जातं. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की बऱ्याचदा तेच अनाकलनीय रूप उमटतं. देवनागरी ई-मेल पत्ता तर बहुतेक अर्जांमध्ये ‘अवैध’ म्हणून परत येतो. आमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत. त्यांना एक पत्ता सांगायचा आणि तो प्रत्येक फोनवर चालला पाहिजे.

ठरलं: मुख्य नाव डॉट इन. डॉट भारतही घ्यायचं आणि ते मुख्य नावाकडे वळवून ठेवायचं. कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांवर देवनागरी पत्ता छापू, मेलसाठी रोमन वापरू. नाव छोटं ठेवलंय, मध्ये जोडरेघ नाही. फोनवर सांगताना ‘मध्ये डॅश आहे बरं का’ असं म्हणावं लागणारं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

२७ जुलै २०२५

रजिस्ट्रार निवडणं. या नोंदीत सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

एक फरक आधी खजिनदार काकांना समजावून दिला, कारण पैसे तेच देणार. निक्सीसारखी संस्था सगळ्या नावांचं मूळ रजिस्टर ठेवते. रजिस्ट्रार म्हणजे त्या रजिस्टरमध्ये नोंद करायचा अधिकार असलेली कंपनी. त्याच्या हाताखाली रीसेलर असतात, आणि गावोगावचे वेबसाइटवाले बहुधा तेच असतात. रीसेलरकडून नाव घेण्यात गैर काही नाही, पण तो गायब झाला तर खऱ्या रजिस्ट्रारपर्यंत आपण कसे पोचणार, हे आधी माहीत हवं. लुकअपमध्ये ‘रजिस्ट्रार’ या रकान्यात जे नाव येतं ती खरी कंपनी. तुम्हाला बिल देणारा आणि त्या रकान्यातला वेगळे असतील तर मध्ये कुणीतरी आहे असं समजायचं. जानेवारी २०२५ पासून आयकॅनने नाव कुणाचं ते शोधायच्या जुन्या हूइज पद्धतीची सक्ती संपवून आरडॅप ही नवी पद्धत लागू केलीय, आणि आयकॅनचं लुकअप पान तीच वापरतं.

मोठा रजिस्ट्रार म्हणजे कायमचा रजिस्ट्रार असंही नाही. गुगलने २०२३ च्या जूनमध्ये आपला डोमेनचा सगळा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकत असल्याचं जाहीर केलं. गुगलच्या भरवशावर नावं घेतलेले लाखो लोक न विचारता दुसऱ्या कंपनीचे ग्राहक झाले. आपल्याकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे: नेट फोर इंडिया. एकेकाळी नावाजलेली कंपनी, पुढे दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. लोकांची नावं रिन्यू होईनात, दुसरीकडे हलवता येईनात, तक्रारींचा ढीग पडला. २०२१ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची सत्तर हजारांहून जास्त नावं मुंबईच्या पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे सोपवली. रजिस्ट्रारला ग्राहकांची माहिती तिसऱ्या ठिकाणी जमा ठेवावी लागते म्हणून हे शक्य झालं. आणि त्या जमा माहितीत मालक म्हणून ज्याचं नाव असेल, त्यालाच पुढे हक्क सांगता येतो. आमच्या पहिल्या नियमाला यापेक्षा मोठा आधार कुठला शोधू?

तर मी पाहिलेले निकष असे. पहिल्या वर्षाचा दर मी वाचतच नाही. पहिलं वर्ष दोनशे रुपयांच्या आत आणि दुसऱ्यापासून हजाराच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी, ही सर्रास पद्धत आहे. त्यामुळे पाच वर्षांची बेरीज करून तुलना केली. या बेरजेत ‘सगळ्यात स्वस्त’ वाटणारी कंपनी चौथ्या क्रमांकावर गेली. दुसरं, नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा ट्रान्सफरचा कोड ग्राहकाला स्वतःच्या खात्यातून काढता येतो की सपोर्टला विनवण्या कराव्या लागतात? तिसरं, लॉगिनची दुहेरी पडताळणी ॲपने होते की फक्त एका मोबाइलवरच्या ओटीपीने? एकाच मोबाइलवर असेल तर तो मोबाइल ज्याचा, नावही व्यवहारात त्याचंच होऊन बसतं. चौथं, एका खात्यात दोन-तीन माणसांना वेगवेगळे अधिकार देता येतात का? पाचवं, नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारे संगणक, हवे ते लावता येतात का?

शेवटच्या निकषावर क्लाउडफ्लेअर ही कंपनी बाजूला पडली. ते मूळ किमतीला, नफा न घेता नावं देतात, आणि तो व्यवहार स्वच्छ आहे. पण तिथे नाव ठेवलं की नेमसर्व्हरही त्यांचेच वापरावे लागतात. चांगली सेवा आहे, तरी दोन गोष्टी एकाच दोरीने बांधायच्या नाहीत असं मी ठरवलंय.

निवडलेल्या कंपनीचं नाव या नोंदीत मुद्दाम लिहीत नाही. दर बदलतात, मालकही बदलतात. इतर वाचनालयांनी ही वही वाचली तर त्यांनी निकष घ्यावेत. भारतातली, आयकॅन आणि निक्सी दोन्हींची मान्यता असलेली, रुपयात बिल देणारी कंपनी आहे, एवढं पुरे.

३ ऑगस्ट २०२५

पैसे कसे भरणार हे तांत्रिक काम नाही असं वाटतं, पण नावं जातात ती बहुतेक इथेच.

वाचनालयाचं खातं सहकारी बँकेत आहे आणि त्यावर एक रुपे डेबिट कार्ड. परदेशी कंपन्यांचा विषय जवळजवळ इथेच संपला. आपोआप रिन्यूअलचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून दरवर्षी आपोआप रक्कम कापायची तर आधी ई-मँडेट, म्हणजे तशी कायमची परवानगी, नोंदवावं लागतं आणि कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ज्या कंपनीने ही व्यवस्था केलेली नाही तिचं ‘ऑटो रिन्यू चालू’ हे हिरवं बटण आपल्याकडे कामाचं नाही. पैसे कापले जात नाहीत आणि आपण निर्धास्त राहतो.

म्हणून ऑटो रिन्यूवर भिस्त ठेवायची नाही. नाव एकदम पाच वर्षांसाठी घ्यायचं. दहापर्यंत घेता येतं, पण काकांच्या अंदाजपत्रकात पाच बसतात. पैसे यूपीआयने भरायचे, बिल संस्थेच्या पूर्ण नावाने घ्यायचं. लेखापरीक्षकांना खर्च दाखवताना ते लागेल, आणि उद्या मालकीचा प्रश्न आला तर तोच पुरावा. मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कायमचा विषय म्हणून टाकायची, ही सूचना काकांची. ती मला फार आवडली. पदाधिकारी बदलतात, वार्षिक सभा चुकत नाही.

१२ ऑगस्ट २०२५

आज राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. वाचनालयात छोटा कार्यक्रम झाला. तो आटोपल्यावर मॅडम आणि मी नियतकालिकांच्या कपाटासमोर बसून हिशेब केला. होस्टिंग घेण्याआधी काय ठेवायचंय ते मोजायला हवं.

ए-४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे न दाबलेली फाइल सुमारे २६ एमबीची. चाळीस हजार पानांचा हिशेब एक टीबीच्या वर जातो. हेच जेपीईजी करून, नीट दाबून पीडीएफ केलं तर पानामागे काही शे केबीवर येतं, वाचायलाही पुरेसं. तर मूळ स्कॅन दोन हार्ड डिस्कवर ठेवायचे, एक वाचनालयात आणि एक मॅडमच्या घरी. वाचायच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर चढवायच्या आणि आपल्या संकेतस्थळावरून दुवे द्यायचे.

सगळंच चढवता येणार नाही. भारतातल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९६४ किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांचं लेखन १ जानेवारी २०२५ पर्यंत मुक्त झालंय. अंकातल्या प्रत्येक लेखकाचं वर्ष तपासायचं काम मॅडमनी घेतलंय. त्यांच्याइतकं बारकाईने ते दुसरं कुणी करणार नाही.

या निर्णयाने होस्टिंगचं ओझं एकदम हलकं झालं. ‘अनलिमिटेड’ लिहिलेली पॅकेजेस बघायचं कारणच उरलं नाही. त्यांच्या अटींमध्ये फाइलींच्या संख्येची मर्यादा असते, आणि साठवणूक म्हणून वापर केला तर खातं बंद करू असंही लिहिलेलं असतं.

२० ऑगस्ट २०२५

होस्टिंगचा प्रकार ठरवला.

पुस्तकांच्या यादीसाठी कोहा ही मुक्त प्रणाली उत्तम. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी बनली, २००० साली सुरू झाली, आज जगभर वापरतात. पण तिला स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर हवा, त्यावर डेबियन ही संगणकप्रणाली हवी, डेटाबेस हवा, आणि दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट लावणारा माणूस हवा. तो माणूस आज मी आहे. पुढे? मी परगावी गेले, आजारी पडले, तर त्या सर्व्हरकडे कोण बघणार? अपडेट न लावलेला सर्व्हर सभासदांच्या नाव-पत्त्यांसकट दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. वर्डप्रेसचीही चिंता तीच, थोडी कमी.

त्यामुळे साधी स्थिर पानं आणि साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेला सर्व्हर. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, सभासदांची माहिती सर्व्हरवर नाहीच. देवघेव वाचनालयातल्या संगणकावर आहे तशी चालू राहील. पुस्तकांची यादी मात्र फाइल म्हणून चढवायची आणि वाचकाच्या ब्राउझरमध्येच शोध चालवायचा. असं संकेतस्थळ उचलून दुसऱ्या होस्टवर न्यायला एक तास पुरतो. होस्टशी लग्न लागत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

एक गोष्ट पॅकेजेस बघताना लगेच गाळणी म्हणून वापरली: एसएसएल प्रमाणपत्राचे, म्हणजे वाचक आणि संकेतस्थळ यांच्यातली जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागणारा होस्ट बाद. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते फुकट देतेय. शिवाय प्रमाणपत्रांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. १५ मार्च २०२६ पर्यंत ३९८ दिवस, त्या दिवसापासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७. हाताने नवं प्रमाणपत्र चढवायचे दिवस संपले. होस्टकडे ते आपोआप होत नसेल तर तो होस्ट आपल्या कामाचा नाही.

३० ऑगस्ट २०२५

गणपती बसलेत, तरी काका आणि कार्यवाह सर वेळ काढून आले. नाव घेतलं. डॉट इन आणि डॉट भारत, दोन्ही पाच वर्षांसाठी.

मालक या रकान्यात संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव, जसंच्या तसं. ओळख पटवायला प्रमाणपत्र आणि संस्थेचा पॅन मागितला, तो दिला. संपर्काचा ई-मेल मात्र नव्या डोमेनवरचा ठेवला नाही. डोमेनच बंद पडलं तर त्यावरची मेलही बंद, मग ‘डोमेन बंद पडतंय’ ही सूचना कुठे येणार? त्यासाठी वेगळा जीमेल उघडलाय. तो मॅडम, सर आणि काका तिघांनाही दिसतो.

दुहेरी पडताळणीचा क्यूआर कोड दोन फोनवर एकाच बैठकीत स्कॅन केला, म्हणजे दोन्हींवर तेच आकडे येतात. परत मिळवायचे कोड छापून पाकिटात घातले, पाकिटावर दोघांच्या सह्या घेतल्या, आणि ते संस्थेच्या घटनेच्या आणि जमिनीच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात ठेवलं. सर म्हणाले, “आता हे नाव म्हणजे सात-बारा झाला म्हणायचा.” मला तरी ते अगदी बरोबर वाटलं.

८ सप्टेंबर २०२५

होस्टचा सर्व्हर कुठे असावा यावर माझं मत जवळजवळ झालं होतं. या आठवड्यातल्या बातमीने ते पक्कं झालं. ६ तारखेला लाल समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, त्यात सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई होत्या. भारतातून युरोपकडे जाणारी वाहतूक लांबच्या मार्गाने फिरवावी लागली आणि मायक्रोसॉफ्टनेही आपल्या अझूर या क्लाउड सेवेच्या ग्राहकांना विलंबाची सूचना दिली. आमचा वाचक तालुक्यातला, फार तर पुण्या-मुंबईचा. त्याला गावच्या वाचनालयाची यादी बघायला जेद्दाहच्या वाटेने का जावं लागावं?

वाचनालयातल्या जोडणीवरून मोजून पाहिलं. अमेरिकेतल्या सर्व्हरकडे जाऊन यायला दोनशे मिलीसेकंदांच्या वर, सिंगापूरला त्याहून बरंच कमी, मुंबईला वीसच्या आसपास. एका पानात पंधरा-वीस फाइली असतात, त्यामुळे हा फरक फोनवर बोटाला जाणवतो. मुंबईतला सर्व्हर नक्की.

१४ सप्टेंबर २०२५

दोन होस्ट महिन्याच्या बोलीवर घेऊन पाहिले. तीन वर्षांचे पैसे आधी भरले तर दर निम्मा, ही ऑफर दोघांचीही होती. नाकारली. नाव पाच वर्षांचं घ्यायचं, होस्टिंग मात्र फार तर एका वर्षाचं. नाव टिकवायचं असतं, होस्ट बदलता यावा लागतो.

परीक्षा अशी घेतली की दोघांनाही बॅकअपमधून एक फाइल परत द्यायला सांगितलं. एकाने ती नियंत्रण पानावरूनच, माझी मीच, पाच मिनिटांत परत आणू दिली. दुसऱ्याने त्यासाठी वेगळं शुल्क सांगितलं, आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर असतो असंही उत्तरात कळवलं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचं सगळं गेलं. निवड पहिल्याची. आणि तरीही दर महिन्याला पूर्ण संकेतस्थळाची झिप वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर उतरवायची, हे काम वाचनालयातल्या मदतनीस मुलाकडे दिलंय. त्याला ते एकदा दाखवलं, दुसऱ्या वेळी त्याने स्वतःच केलं.

२१ सप्टेंबर २०२५

यादीचं काम. निम्मी यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. फॉन्ट बदलला की सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. रूपांतर केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ नीट राहतात, पण रफार आणि पहिली वेलांटी कुठे कुठे सरकते. ‘तर्कतीर्थ’ आणि ‘किर्लोस्कर’ हे दोन शब्द मी तपासणीसाठी ठेवलेत. ते बरोबर उमटले की बहुतेक सगळं बरोबर असतं.

आकाराचा हिशेब: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. एका पुस्तकाची नोंद ८० चिन्हांची धरली तर २४० बाइट, आणि तीस हजार पुस्तकांची फाइल सात एमबीच्या वर. ती सबंध उतरवून घ्यायची म्हणजे कमी रेंजच्या भागातल्या वाचकाला शिक्षा. म्हणून लेखकाच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून तुकडे केले आणि सर्व्हरवर जीझिप, म्हणजे पाठवताना फाइल दाबण्याची सोय, चालू केली. आता ‘क’ शोधणाऱ्याला फक्त ‘क’चा तुकडा जातो.

२८ सप्टेंबर २०२५

मेल होस्टकडे ठेवलेली नाही. शेअर्ड सर्व्हरचा आयपी शेकडो ग्राहकांचा असतो. त्यातल्या एकाने कचरा पाठवला की सगळ्यांची मेल स्पॅममध्ये. शिवाय होस्ट बदलला की मेलही हलवावी लागली असती. झोहोची लहान संस्थांसाठीची मोफत योजना घेतली. मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी त्यांच्याकडे वळवल्या, आणि पत्र खरंच आपल्याकडून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकिमच्या टीएक्सटी नोंदी टाकल्या. एसपीएफची नोंद एका नावाला एकच चालते. होस्टने आपोआप टाकलेली जुनी नोंद तशीच राहिली तर दोन्ही निकामी ठरतात, म्हणून ती काढली. डीमार्क, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं तो नियम, सध्या फक्त अहवाल मिळण्यापुरता ठेवलाय, दोन महिने अहवाल पाहून कडक करेन.

आज मॅडमच्या नव्या पत्त्यावरून सगळ्या सभासदांपैकी ज्यांचे जीमेल आहेत त्यांना चाचणीचं पत्र गेलं. ते इनबॉक्समध्ये पोचल्याचे फोन दिवसभर येत होते. एका आजोबांनी तर उत्तरात तीन पुस्तकांची मागणी नोंदवली.

९ ऑक्टोबर २०२५

कार्यकारिणीत ठराव मंजूर. मजकूर इतिवृत्तातून जसाच्या तसा: ‘वाचनालयाच्या नावाची सर्व डोमेन संस्थेच्या मालकीची राहतील. रजिस्ट्रारकडील खात्याचा ताबा कार्यवाह व ग्रंथपाल यांच्याकडे संयुक्तपणे राहील व पदाधिकारी बदलताच तीस दिवसांत नव्या पदाधिकाऱ्यांकडे देण्यात येईल. संकेतस्थळाचे काम करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस वा कंपनीस या खात्याचा पासवर्ड दिला जाणार नाही.’

शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं. ते मलाही लागू आहे. आजपासून रजिस्ट्रारच्या खात्यात मला प्रवेश नाही, फक्त डीएनएसच्या, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याच्या, नोंदी बदलायचा अधिकार आहे, आणि तोही कार्यवाह सर काढून घेऊ शकतात.

१५ ऑक्टोबर २०२५

वाचन प्रेरणा दिन. संकेतस्थळ खुलं झालं. नोंद छोटीच, कारण अडचण काही आली नाही. टीटीएल, म्हणजे जुनी डीएनएस नोंद इतरांकडे किती वेळ टिकते तो काळ, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणला होता, सकाळी ए रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बदलला, चहा होईपर्यंत सगळीकडे नवं पान दिसायला लागलं. शाळेतल्या मुलांनी शोधलेलं पहिलं पुस्तक साने गुरुजींचं होतं.

२१ ऑक्टोबर २०२५

काल अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागात ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये डीएनएसचा बिघाड झाला आणि जगभरातल्या कितीतरी सेवा तासन् तास बंद राहिल्या. आमचं संकेतस्थळ चालू होतं. काल-आज दिवाळीचे दिवस, तरी मॅडमनी फोन करून विचारलं, “आपलं बंद पडलं असतं तर मी काय करायचं?” त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक पानाचा कागद तयार केला. डोमेन कुणाकडे, होस्ट कोण, मेल कुणाकडे, स्कॅन कुठे, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक, मदतीचा फोन, मुदत संपण्याची तारीख. पासवर्ड त्यात नाहीत. खाली दुसऱ्या होस्टवर कसं न्यायचं त्याच्या पायऱ्या.

दिवाळीनंतर मदतनीस मुलगा आणि मॅडम मिळून, माझ्याशिवाय, हाच कागद वापरून महिन्याभराच्या दुसऱ्या होस्टवर संकेतस्थळ उभं करून बघणार आहेत. जी पायरी त्यांना समजणार नाही ती मी पुन्हा लिहीन.